नारबोदीच्या मागे गेलेली मांजर

पोत्यातून "म्यांव" ऐकू आलं, तसा पौर्णिमाने स्कूटीचा ब्रेक असा दाबला की मागचा ऑटो थेट चिखलात उतरला, अन् आतल्या बायांनी तिच्या सात पिढ्यांची खुशाली विचारली. पण पौर्णिमाचं लक्ष होतं कुठे! वैनगंगेच्या घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक उंच, सडसडीत पोरगा खांद्यावर तांदळाचं पोतं टाकून चालला होता... अन् पोतं आपलं आपण नाचत होतं.

आता बालाघाटात कुणालाही विचारा. पोत्यात मांजर घालून नदीकडे निघालेला माणूस काय करायला निघालेला असतो? साय चाटून जाणाऱ्या मांजरीला लोक असंच पुलापलीकडे सोडून येतात. अन् सोडणारा घरी पोचायच्या आत मांजर ओट्यावर बसून पाय चाटत असते, ती गोष्ट वेगळी.

"ओ जी! थांबा!" पौर्णिमा ओरडली. "लाज नाही वाटत? चांगले शिकले-सवरलेले दिसून राह्यले, अन् मुक्या जनावराले नदीपार सोडायले निघाले?"

पोरगा वळला. बुरबुर पावसाचं पाणी त्याच्या केसांतून नाकावर अन् नाकावरून ओठांवर उतरत होतं. डोळे असे घाबरलेले, की पोत्यात मांजर नसून तोच आहे असं वाटावं.

"नाही नाही, आप गलत समझ रही हैं... म्हणजे, तुम्ही उलटं समजत आहे. मी सोडायला नाही. मी तर वाचवायला—"

"पोत्यात?"

"ये तो शिकवण्यासाठी—"

पुढचं ऐकायला पौर्णिमा थांबली नाही. तिने पोत्याची सुतळी ओढली. अन् आतून जे निघालं, त्याला मांजर म्हणायचं की दिवाळीतला सुतळी बॉम्ब, हे अजून ठरायचं आहे. ते पोराच्या छातीवरून डोक्यावर, डोक्यावरून कडुलिंबाच्या फांदीवर गेलं. जाता जाता त्याच्या नाकावर लांब लाल सही करून गेलं.

फांदीवरून एक रुंद, तपकिरी, संतापलेलं तोंड खाली पाहू लागलं. पौर्णिमाचा जबडाच खाली आला.

"सरपंचीण?"

तिच्याच बाबांची मांजर!

"ही आमची आहे!" तिचा आवाज चढला. "आमच्या घरातून उचलली?"

"तुमची? पण त्या आजी म्हणाल्या त्यांची आहे... रुख्माबाई. म्हणाल्या, घेऊन जा बेटा, हिच्यावरच शिकव साऱ्यांना. अन् परत आणायची घाई करू नको."

पौर्णिमाने डोळे मिटून घेतले. शेजारची रुख्माबाई! सायीवरून सरपंचिणीशी तिचं जुनं वैर होतं.

पोराचं नाव रजत. गुरांच्या दवाखान्यात नवाच लागलेला. पुराच्या आधी नदीकाठच्या टोल्यांमध्ये, वस्त्यावस्त्यांत, जाऊन लोकांना सांगायचं, की पाणी चढलं तर घरच्या कुत्र्या-मांजरांचं, बकऱ्या-कोंबड्यांचं काय करायचं, हे काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. आज घाटावरच्या शेडमध्ये तो मांजर टोपलीत कशी बसवायची ते करून दाखवणार होता.

"मग पोतं काहून?"

"टोपली शेडमध्ये आहे. पोतं फक्त टोपलीपर्यंत जायला."

"अन् टोपलीच इकडं आणता आली नाही?"

रजतने विचार केला. खरंच केला. कपाळाला आठी पडेपर्यंत केला.

"...हे सुचलं नाही."

"माय व!" पौर्णिमाने कपाळावर हात मारला.

मग सरपंचिणीच्या मर्जीची वाट पाहत दोघं झाडाखाली उभे राहिले. तो तिच्याकडे चोरून पाहायचा, ती पाहिलं की झाडाकडे पाहायचा. झाडावरून सरपंचीण दोघांकडे पाहायची.

"ते नाकाले इंजेक्शन घ्या," पौर्णिमा शेवटी म्हणाली.

"मीच तर देतो... म्हणजे, गुरांना."

"मग तेच घ्या. चालन तुमाले."

---

पौर्णिमाचे बाबा, मोतीलाल, रेल्वेच्या फाटकावरून रिटायर झालेले. आई गेली, अन् घरात त्यांच्याशी भांडायला कोणी उरलं नाही. ते काम सरपंचिणीने हाती घेतलं. सकाळी चहा उशिरा झाला की ती बोंबलायची, बाबा उत्तर द्यायचे, ती प्रत्युत्तर द्यायची. घर परत घरासारखं झालं.

पण गेल्या पुरात काय झालं? पाणी टोलीत शिरलं, नाव दारात आली, अन् सरपंचीण माळ्यावर लोणच्याच्या बरण्यांमागे जाऊन दडली. बाबांनी मांडीच ठोकली. "बाई आल्याशिवाय मी येत नाही." नाव गेली. म्हातारा कौलांवर बसून भिजत राहिला. मांजर कोरडीच्या कोरडी खाली आली, अन् बाबांच्या छातीत पाणी झालं. दवाखान्याच्या पायऱ्या चढून-उतरून पौर्णिमाच्या चपला झिजल्या. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "परत असे भिजले, तर मग मला विचारायला येऊ नका."

तेव्हापासून आभाळात कापसाएवढा ढग आला तरी पौर्णिमा घाटावर जाऊन पाणी पाहून यायची. अन् बाबांना विचारलं, यंदा पाणी आलं तर? तर उत्तर तेच. "बाई येईन तर मी येईन."

डोकं आपटायचं तरी कुठे!

म्हणून मग, पोत्याच्या किश्श्यानंतर पौर्णिमा रागाचा घोट गिळून गुरांच्या दवाखान्यात गेली. तो तिच्या पिको-फॉलच्या दुकानाजवळच, बस स्टँडपाशी होता. तिथे रजत एका बकरीला औषध पाजत होता, अर्धं बकरीला, अर्धं स्वतःच्या शर्टाला.

"हाक मारताच मांजर टोपलीत येईन असं करता येते?"

"येतं. पण पूर आल्यावर नाही, आधीपासून शिकवावं लागतं. महिना लागेल. रोज संध्याकाळी यावं लागेल."

"रोज?"

"मांजरीसाठी," तो घाईने म्हणाला. कान मात्र पिकल्या टमाट्यासारखे झाले.

---

बाबांनी त्याला ओट्यावरच अडवलं. "हा तोच ना? पोतेवाला?"

"हौ जी," रजत म्हणाला. नाव पडलं ते पडलंच.

त्याचं शास्त्र साधं होतं. टोपली पाणी दारात आल्यावर काढायची नाही. आजपासून घरात झाकण उघडं ठेवून पडू द्यायची, म्हणजे मांजरीला ती खाटेसारखी, उंबऱ्यासारखी घरचीच वाटते. आत मालकाचं जुनं धोतर घालायचं. न धुतलेलं.

"न धुतलेलं काहून?" बाबांनी विचारलं.

"वास पाहिजे जी. तुमचा."

"माह्या वासाले काय झालं?"

"काही नाही, काकाजी... छान आहे."

पौर्णिमाने ओढणी तोंडात कोंबली अन् स्वयंपाकघरात पळाली.

खाऊ द्यायचा तोही टोपलीतच. पण आधी थाळी वाजवायची, मग सुके झिंगे ठेवायचे. थाळी म्हणजे खाऊ हे एकदा डोक्यात बसलं, की गोंधळात दडून बसलेलं जनावरही त्या आवाजाला येतं, असं रजत म्हणायचा. घर सोडताना कोणालाही दाव्याला बांधून ठेवायचं नाही. गळ्यात पट्टा, पट्ट्यावर फोन नंबर. तो सगळ्या टोलीला हेच शिकवायचा, अन् अधूनमधून सगळ्यांना थाळ्या वाजवत टेकाडावरच्या शाळेत न्यायचा. पुरात लोकांची सोय तिथेच व्हायची. तिथे पोचलं की जनावरांना खाऊ. टोलीतल्या बकऱ्या अशा हुशार झाल्या, की कोणाच्या हातून चमचा पडला तरी शाळेकडे निघायच्या.

सगळे शिकले. सरपंचीण नाही. ती टोपलीच्या झाकणावर झोपायची, टोपलीच्या मागे झोपायची, रजतच्या मांडीवर झोपायची. फक्त आत जायची नाही. थाळी वाजली की यायची, झिंगा पंजाने बाहेर ओढायची, अन् ऐटीत बाहेर बसून खायची.

"ती हटेली आहे," बाबा अभिमानाने सांगायचे. "हिनं एकडाव मालगाडी थांबवलती. रुळावर बसली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, हिनं जांभई देल्ली. शेवटी गाडीच मागे गेली."

"रिव्हर्स?" रजतने पूर्ण गांभीर्याने विचारलं.

"रिव्हर्स."

"कुठपर्यंत जी?"

बाबांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. एवढ्या वर्षांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. "गोंदियापर्यंत," ते म्हणाले. अन् त्या दिवशी पहिल्यांदा आतल्या कपाटातला चांगला कप निघाला.

पौर्णिमाचा जीव मात्र अर्धा व्हायचा. नदी रोज थोडी थोडी फुगत होती, अन् घरात मालगाड्या मागे जात होत्या!

"तुमाले घाई नाही वाटत?" ती दारापर्यंत सोडायला गेली की फणकारायची.

"वाटते ना. पण मांजरीला घाई दाखवली की ती उलटी जाते." मग जरा थांबून, "...माणसंही."

"म्हंजे कोण?"

"जनरल सांगितलं."

एकदा तो फोन काढून म्हणाला, "मांजरीचा फोटो काढायचा आहे, मालकासोबत. ती हरवली तर तुमचीच आहे हे दाखवायला." पौर्णिमा सरपंचिणीला कवेत घेऊन उभी राहिली. बाबा म्हणाले, मालक मी आहे. रजत म्हणाला, तुमचा नंतर काढतो काकाजी, उजेड इकडे चांगला आहे. मग त्याने काढला, परत काढला, बसून काढला, वाकून काढला.

"दाखवा पाहू," पौर्णिमाने फोन ओढला. "यात मांजर कुठी आहे?"

"आहे ना... हे काय, शेपूट."

"शेपटावरून ओळखतीन लोकं?"

"मी तर ओळखेन," रजत म्हणाला. पण तो काही शेपटाकडे पाहत नव्हता.

पौर्णिमाने फोन त्याच्या हातात आपटला. मग उगाचच ओढणी सारखी केली, ती सारखीच असताना.

"तुमाले मराठी तरी धड येते का हो? अर्धं बोलता, अर्धं गिळता."

"घरी आई मराठीत रागावते, मी हिंदीत माफी मागतो. त्यामुळे रागावणं पक्कं आहे. बाकीचं शिकायचं राहिलं."

"मग राहू द्या बाकीचं. माह्याकडून तेच मिळन."

"तेही चालेल," तो हळूच म्हणाला, अन् सायकल उलट्या दिशेला घेऊन गेला. त्याचं घर तिकडे नव्हतंच.

---

पोळा झाला. बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून ओला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पौर्णिमा उठून पाहते तो काय, सरपंचीण टोपलीत! बाबांच्या धोतरात तोंड खुपसून, चारी पाय वर करून, घोरत होती. पौर्णिमा श्वास रोखून दारातच उभी राहिली. आता झाकण लावायचं, कडी सरकवायची, एवढंच. पुराने आता खुशाल यावं!

अन् तेवढ्यात गल्लीत दणदण सुरू झाली.

"घेऊन जा गे नारबोद! खोकला-पडसं घेऊन जा गे नारबोद! डास-ढेकूण घेऊन जा गे नारबोद!"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची नारबोद! फांद्या-चिंध्यांची बाहुली घेऊन गावाची सारी रोगराई शिवेबाहेर हाकलायची, अन् हाकलायची कशी? तर घराघरातल्या थाळ्या बडवून.

थाळ्या.

पौर्णिमा झाकणाकडे झेपावली.

सरपंचिणीचे कान उभे झाले. ती उठली, आळस दिला, अन् पौर्णिमाच्या दोन पायांमधून गल्लीत गेली. कुंपणावरून बकऱ्या आल्या. ओसरीवरून कुत्री आली. कोंबड्या, बदकं, कोणाची म्हातारी गाय, सारी टोली चार पायांवर अन् दोन पंखांवर मिरवणुकीत शिरली. लोक म्हणतात, त्या दिवशी उंदीरसुद्धा रांगेत होते, पण रांगेत मांजर पुढे होती म्हणून त्यांनी अंतर ठेवलं होतं. सर्वात पुढे रुख्माबाई, हातात परातीएवढी थाळी, अन् तिच्या मागोमाग, शेपूट झेंड्यासारखं उभं करून, सरपंचीण.

"काकू, वाजवू नका! वाजवू नका!" पौर्णिमा धावली. पण त्या दणदणाटात कोण ऐकतो! टेकाड चढून, शाळा ओलांडून मिरवणूक शिवेवर पोचली. नारबोद पेटवली, अन् वरून आभाळ फाटलं. पाऊस असा आला की बेडकांनीही आडोसा शोधला. माणसं पदर-टॉवेल डोक्यावर घेऊन घराकडे पळाली. जनावरं मात्र जिकडेतिकडे पांगली, अन् पौर्णिमा हाका मारून मारून घसा बसवून आली.

"गेली!" रुख्माबाईने ओट्यावरून जाहीर केलं. "नारबोद घेऊन गेली, मोतीलाल भाऊ! तिच्यासंगं जे शिवेबाहेर गेलं ते परत उंबऱ्यात घ्याचं नसते. शास्त्र आहे."

"कोणत्या शास्त्रात मांजरीचं नाव आहे व, रुख्माबाई?" बाबा गरजले. पण आवाज मधेच फाटला. ते आत गेले अन् रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसले.

रजत धावत आला तेव्हा पौर्णिमा गल्लीच्या तोंडाशी उभी होती. अंगावर ओला चिखल, डोळ्यांत आग.

"साऱ्या दुनियेत वाजवायले दुसरं काही मिळालं नाही? शिट्टी होती, घंटी होती, टाळ्या होत्या!"

"थाळी सगळ्यांच्या घरी असते, म्हणून—"

"हौ, साऱ्यांच्या घरी असते! म्हणूनच सारे वाजवतात! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं काय होते, हे कोणाले विचारलं का?"

"आमच्या कॉलनीत नारबोद... मला माहीतच नव्हतं."

"तुमाले काय माहीत राह्यते? मांजर पोत्यात न्याची, टोपली शेडमध्ये ठेवायची! एवढे दिवस मी... आम्ही... तुमच्या भरवशावर..." तिने हात झटकला. "उद्यापासून येऊ नका."

रजतने फक्त मान हलवली, अन् पावसात टेकाडाकडे चालू लागला. त्याची पाठ लहान होत गेली, अन् पौर्णिमाला स्वतःचाच इतका राग आला, की तिने कुंपणाला लाथ मारली. कुंपणाचं काही गेलं नाही, तिचा अंगठा सुजला.

---

दुपारी भोंगा लावलेला ऑटो गल्लीच्या तोंडाशी फिरला. वरच्या धरणाची दारं उघडली आहेत, नदी किनारे के सभी लोग तुरंत ऊँची जगह जाएँ. टोली भराभर रिकामी झाली. रुख्माबाई गाठोडं घेऊन गेली, जाताना दोनदा मागे वळून पाहून गेली. बाबा जागचे हलले नाहीत.

"बाबा, उठा ना."

"ती येईन. ती मांजर आहे, घर सोडत नाही. आली अन् घरात कोणी नसलं तर?"

"अन् तुमाले काही झालं तर? मी कोणाकडे जाऊ?"

बाबांनी टोपली घट्ट धरली. पाणी उंबऱ्याशी आलं, उंबरा चढलं, चूल विझवून गेलं. पौर्णिमाने विनवण्या केल्या, रागावली, रडली, शेवटी हात धरून ओढलं. पण एकेकाळी रेल्वेचं फाटक एकट्याने ओढणारा म्हातारा तो. हलतो होय!

पाणी कमरेशी आलं तेव्हा गल्लीतून रबरी नाव आली. बचाव पथकाची. नाव दारात थांबली, अन् पाण्यात उडी मारून रजत आत आला.

"मिळाली?" पौर्णिमाने कुजबुजून विचारलं.

"नाही. बरीच जनावरं टेकाडावर दिसली. सरपंचीण मला दिसली नाही. मग नावेवर बोलावलं..."

"मग सांग मिळाली म्हणून!" तिने त्याचा ओला शर्ट मुठीत धरला. "सांग शाळेत आहे. बाबा उठतीन. पुढचं पुढं पाहू. सांग ना रे!"

रजत तिच्याकडे पाहत राहिला. ती त्याला 'तू' म्हणाली होती. पण ही काय वेळ होती ते मोजायची!

"नाही," तो म्हणाला.

"नाही?"

"त्यांनी मालगाडी गोंदियापर्यंत मागे नेली, मी मानलं. आता मी जे सांगेन ते, ते मानतील. म्हणून खोटं नाही सांगणार."

"पाणी कमरेले आलं, अन् तुले खरं-खोटं सुचून राह्यलं?"

"मला त्यांच्यासमोर जिंदगीभर बसायचं आहे, पौर्णिमा." त्याचे ओठ थंडीने निळे पडले होते, पण आवाज हलत नव्हता. "आज फसवून नेलं, तर हर दिवाळी ते माझ्याकडे पाहतील अन् त्यांना हा दिवस आठवेल. जावयाकडे असं कोणी पाहू नये."

जावई...

दोघांच्या मधून एक पातेलं डुलत डुलत वाहून गेलं. दोघांनीही ते जाऊ दिलं.

"तुले..." पौर्णिमाने मुठीतला शर्ट सोडला. "तुले हे सांगायले हीच वेळ सापडली?"

"वेळ तर रोज संध्याकाळी होती. हिंमत आज आली."

"कोण आहे व?" आतून बाबांचा आवाज आला. "पोतेवाला? काय म्हणून राह्यला? जोऱ्यानं बोल, पाण्याचा आवाज आहे!"

रजत पाणी कापत आत गेला. टेबलावर खाट, खाटेवर बाबा, बाबांच्या मांडीवर टोपली.

"काकाजी, सरपंचीण मला सापडली नाही. पाणी अजून चढणार आहे. अन् मला पौर्णिमाशी लग्न करायचं आहे."

बाबा त्याच्याकडे पाहत राहिले. छताकडे पाहिलं. परत त्याच्याकडे पाहिलं.

"एका दमात तीन खबरा देतोस बे?"

"हौ जी."

"अन् एकही खोटी नाही?"

"नाही जी."

बाबांनी लांब सुस्कारा सोडला. "पोरगी मागायले आलेल्या माणसाले उभ्या-उभ्या उत्तर देत नसतात. त्याले बसवतात. चहा देतात. चार माणसं बोलवतात. आता तुले कुठी बसवू? पाट वाहून गेला. चूल बुडाली. माणसं सारी शाळेत." त्यांनी माळ्याकडे एकदा नीट पाहिलं. "माही बाई हुशार आहे. ती पाण्यात बसली नसन. बसलो तो मीच."

पौर्णिमाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"पाहून काय राह्यले दोघं?" बाबा खेकसले. "दारात पाव्हणा भिजून राह्यला. चला, कुठंतरी कोरड्यात बसून बोलू!"

---

सरपंचीण शाळेच्या व्हरांड्यात खिचडीच्या पंगतीत बसली होती. कोरडी ठणठणीत. शिवेवरून परतताना साऱ्या जनावरांनी, शिकल्याप्रमाणे, शाळाच गाठली होती, माणसांच्या कितीतरी आधी. सरपंचीण तेवढी छताच्या वाशांवर दडली होती, म्हणून रजतला दिसली नव्हती; खिचडी शिजल्यावर उतरली. कुत्री रांगेत होती, बकऱ्या फळा चाटत होत्या. अन् सरपंचिणीच्या पुढ्यात वाटीतलं दूध धरून रुख्माबाई तिला रागावत होती, "पी व, पी. मेली माही साय खाऊन खाऊन पोसली, अन् आता नखरे करते."

बाबांना पाहून सरपंचीण एकदाच ओरडली. एवढा उशीर का केला, असं. बाबा तिच्याजवळ बसले अन् बराच वेळ डोळे पुसत राहिले. पावसाचं पाणी होतं म्हणे.

मग बैठक बसली. शाळेच्या सतरंजीवर, स्टीलच्या ग्लासातला चहा घेऊन. रुख्माबाई मुलीकडून, टोलीतले म्हातारे चैतराम मुलाकडून, कारण मुलाकडून कोणीतरी पाहिजेच. घरी कोण कोण आहे? आई रागीट आहे का? पोराले मराठी बोलता येईन का? मांजरीची ने-आण कोण करीन? सगळं विचारून झालं. चैतराम म्हणाले, दिवाळीनंतर ठेवू. रुख्माबाई म्हणाली, तुळशीच्या लग्नानंतर ठेवू. बाबा म्हणाले, चालन.

"अन् मले?" खांबाशी उभी पौर्णिमा एकदम कडाडली. केसांतून पाणी गळत होतं, सुजलेला अंगठा ठणकत होता. "मले कोणी विचारलं का?"

सगळ्यांच्या माना वळल्या. बकऱ्यांच्यासुद्धा.

रजत उठला. चहाचा ग्लास हातात तसाच. "पौर्णिमा... तू..."

"मले तुहा रोज राग येते," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"पुढंही येईन."

"येऊ दे."

"सकाळी येईन, संध्याकाळी येईन. तू टोपली जिथं नाही पाहिजे तिथं ठेवशीन, अन् मले येईन. जिंदगीभर येईन!"

रजतने खूप विचार केला. कपाळाला आठी पडेपर्यंत केला.

"म्हणजे... हौ?"

"माय व!" पौर्णिमाने दोन्ही हात कपाळावर मारले. "एवढं सांगितलं तरी या माणसाले समजलं नाही! हौ! हौ रे बापा, हौ!"

ती शेवटची 'हौ' अशी दणदणीत निघाली, की फुगलेल्या वैनगंगेच्या पलीकडच्या काठावर, टेकाडावर चरत असलेल्या एका म्हशीने मान वर केली अन् मोठ्याने साक्ष दिली.